ध्यानाला बसलं की डुलकी, अंथरुणावर पडलं की टक्क जाग

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला का ते तुम्हाला कळेल. वय पंचेचाळीसच्या आसपास, वावर कपाशी-सोयाबीनचं, रब्बीत हरभरा. मागच्या वर्षी एका शिबिरात ध्यान शिकलात. तेव्हापासून पहाटे ४ चा गजर लावून उठता आणि तासभर बसता, पण दहा-पंधरा मिनिटांत मान खाली जाते. रात्री ९ ला अंथरुणावर पडता, तर १२ कधी १ वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दुपारी जेवण झालं की मात्र दीड-दोन तास गाढ झोप. एक तास ध्यान म्हणजे चार तासांची झोप, असं शिबिरात कोणी सांगितलं होतं, म्हणून रात्रीची झोप कमी झाली तरी भरून निघेल असं वाटलं. आता चिडचिड वाढली आहे, आणि तुम्ही विचारता आहात की ध्यान चुकतंय का, की आणखी वेळ बसायला पाहिजे.

आणखी वेळ बसू नका. तुमचं ध्यान चुकत नाही, तुमची झोप अपुरी पडते आहे. शांत जागा, अंधार, डोळे मिटलेले, श्वास संथ झालेला. अशी संधी शरीराला पहाटे मिळते, आणि ते झोपेची थकलेली उधारी तिथे वसूल करतं. इच्छाशक्ती कितीही लावली तरी ही वसुली थांबत नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजूला योगोपचार करते. साधक कमी पडतो म्हणून पेंगतो, हे मी क्वचितच पाहिलं. बहुतेक वेळा त्याच्या रात्रीची चौकशी केली की उत्तर तिथेच सापडतं.

चार तासांच्या झोपेचा तो हिशोब मनातून काढून टाका. असं कुठलंही समीकरण नाही. गाढ झोपेत शरीर जी डागडुजी करतं, वाढीचं संप्रेरक ज्या तऱ्हेनं सोडतं, ते जागेपणी बसून होत नाही. आपल्या परंपरेनंही या दोन गोष्टी कधी एक मानल्या नाहीत. पतंजलींनी निद्रा ही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक म्हणून वेगळी सांगितली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर स्पष्टच आहे की फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि जागत राहणाऱ्यालाही साधत नाही. आपल्याकडे पहिला अर्धा भाग सगळे सांगतात, दुसरा सांगायचा राहून जातो.

तुमच्या गावात बुद्ध विहार असेल तर तिथल्या जाणत्या उपासकांना बुद्धांचे शिष्य मोग्गलान यांची गोष्ट विचारा. मोग्गलान ध्यानाला बसून पेंगत होते तेव्हा बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले: धम्माचं स्मरण करा, पाठ म्हणा, कानाच्या पाळ्या ओढा, अंग चोळा, डोळ्यांवर पाणी मारून आकाशातल्या ताऱ्यांकडे बघा, मनात उजेडाची भावना धरा, उठून चाला. आणि एवढं करूनही झोप हटली नाही तर? उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठायचं ध्यानात ठेवून झोपा. मोग्गलानांसारख्या साधकालाही शेवटी झोपच सांगितली आहे. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो, आणि माझ्या कामात मी तोच वापरते.

शिबिराबद्दल एक गोष्ट बोलली जात नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे ४ ची घंटा असते हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तिथे रात्री ९.३० ला दिवे बंद होतात, दुपारी विश्रांती असते, मोबाइल जमा असतो, संध्याकाळचं जेवण जवळजवळ नसतंच, आणि निंदण, फवारणी, मजुरांची शोधाशोध यांतलं काही नसतं. घरी येताना लोक पहाटेची ४ तेवढी सोबत आणतात.

आता तुमची रात्र का बिघडते ते बघू. झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे राहतो तितकं मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोप दाटत जाते. तुम्ही दुपारी दोन तास झोपून हा दाब बराच उतरवता, आणि ९ वाजेपर्यंत तो पुरेसा चढलेलाच नसतो. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ. ते मेंदूत असतं आणि मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लागतं. तुमचं घड्याळ सध्या १२-१ ला झोप धरतंय. आणि हे कळीचं आहे: नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात कमी झोपायला तयार असतं. नेमक्या त्याच वेळात तुम्ही ९ ला जाऊन पडता, आणि झोप आली नाही की ती आणायचा प्रयत्न करता. श्वास मोजता, मंत्र म्हणता, कूस बदलता, वेळ बघता. महिनोन्‌महिने असं झालं की अंथरूण ही जागायचीच जागा आहे, असं शरीर शिकतं. खुर्चीत टीव्ही बघताना पेंगणारा माणूस खाटेवर पाठ टेकली की टक्क जागा होतो, तो यामुळेच.

शिवाय झोपेचा पहिला भाग गाढ झोपेचा आणि पहाटेकडचा भाग स्वप्नांच्या झोपेचा जास्त असतो. १२.३० ला झोपून ४ ला उठलं की हा दुसरा भाग रोज कापला जातो. मन निवळायला त्या झोपेचा मोठा हात असतो. तुमची चिडचिड मला यातूनच आलेली दिसते, ध्यानाच्या दोषातून नाही.

म्हणजे काम दोन आहेत: झोपेची वेळ शरीराच्या घड्याळाशी जुळवायची, आणि अंथरुणावरचा प्रयत्न सोडायचा. त्यासाठी मी सांगते ते सुरुवातीला उलटं वाटेल.

काही आठवडे ४ चा गजर बंद करा. उठायची वेळ ५.३० धरा आणि ती रोज तीच ठेवा, रात्र कशीही गेली असो. झोपायची वेळ ९ नाही, १०.३० ते ११. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणाकडे जायचंच नाही. पडल्यावर साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठून ओसरीवर या. मंद उजेडात बसा, वाती वळा, शेंगा सोला, काहीही कंटाळवाणं करा. झोप आली की परत जा. पुन्हा जाग आली तर पुन्हा हेच. पहिला आठवडा जड जातो. पण दाब वाढत जातो आणि अंथरूण म्हणजे झोप, ही सांगड पुन्हा बसते. हे माझ्या मनचं नाही. निद्रानाशावर गोळ्यांआधी अशी वर्तनोपचाराची पद्धत वापरावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनेत म्हटलं आहे. फक्त या पहिल्या आठवड्यात रात्रीची गाडी, ट्रॅक्टर, थ्रेशर जपून. आणि ज्यांना फिट येतात किंवा ज्यांचा मानसिक आजारावर उपचार चालू आहे, त्यांनी झोपेची वेळ आवळायचा हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

वेळ बघणं बंद करा, हे मी जरा अडून सांगते. माझ्याकडे येणारे एक शेतकरी रात्री जाग आली की मोबाइल उचलायचे. दोन वाजले, मग तीन, आता अडीचच तास उरले, अशी वजाबाकी सुरू झाली की छाती धडधडायची. पाण्याची मोटर चालू-बंद करणाऱ्या मोबाइल स्टार्टरचा फोन येतो म्हणून मोबाइल लांब ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. मग आम्ही एवढंच ठरवलं: रिंग चालू, पण मोबाइल पालथा आणि हात पुरणार नाही अशा फळीवर. भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ सैपाकघरात गेलं. बाकी काहीच बदललं नव्हतं, तरी त्यांचं रात्रीचं घाबरणं कमी झालं.

दुपारची झोप पूर्ण तोडू नका. आपल्याकडच्या उन्हात ती अंगाची गरज आहे. पण ती ३ च्या आत आणि अर्ध्या तासाची. चटईवर डाव्या कुशीवर पडा, गजर लावा. पलंगावर, कुलरसमोर, पांघरूण घेऊन झोपलात की दोन तास गेलेच. चहाचं म्हणाल तर कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणून ४ नंतरचा चहा बंद. खर्रा खात असाल तर त्यातला तंबाखू झोप उडवणारा आहे. रात्री जेवण झाल्यावरचा खर्रा हा विदर्भातल्या निद्रानाशाचा मोठा भागीदार आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. दारूनं झोप लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात तुटते.

ओलिताच्या, म्हणजे पिकाला पाणी द्यायच्या रात्रींचं तुम्ही विचारलं नाही, पण हरभरा लिहिलात म्हणून मी धरूनच चालते. आपल्या फीडरवर काही दिवस दिवसा लाइन, म्हणजे वीज, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की स्प्रिंकलरचे पाइप बदलायला दर काही तासांनी उठावं लागतं, त्यात रानडुकरांसाठी जागल. अशा आठवड्यात मी वरचे नियम लावत नाही, आणि पुस्तकी नियम पाळता आले नाहीत म्हणून तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. तेव्हा फक्त एक धरा: चार तासांचा एक तुकडा असा निवडा जो दिवसपाळीच्या आणि रातपाळीच्या दोन्ही आठवड्यांत झोपेचाच राहील. तुमच्या लाइनच्या वेळेनुसार तो रात्री ११ ते ३ असेल किंवा ३ ते ७. तो तुकडा सांभाळण्यासाठी भावकीत, शेजारच्या वावरवाल्याशी पाइप बदलायची पाळी वाटून घ्या. उरलेली दोन-तीन तासांची झोप सकाळी किंवा दुपारी घेतली तरी चालते, या आठवड्यात अर्ध्या तासाची अट नाही. रातपाळीच्या दिवशी ध्यान सोडलं तर काही बिघडत नाही. ज्यांच्या वावरात सौर पंप बसला आणि ओलित दिवसा झालं, त्यांची झोप कुठल्याही प्राणायामाशिवाय सुधारलेली मी पाहिली आहे. म्हणून ऐपत आणि संधी असेल तर सौर पंपाच्या अर्जाकडे तब्येतीचा उपाय म्हणूनही बघा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅबच्या खोल्या रात्री १२ पर्यंत तापलेल्या असतात. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. आंगणात किंवा गच्चीवर मच्छरदाणी लावून झोपणं बंद खोलीपेक्षा चांगलं, साप-विंचवाची काळजी घेऊन, म्हणजे खाटेवरच. तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाची वाटी फिरवायची आपली जुनी सवय असेल तर ती जरूर ठेवा. मात्र ती दुसऱ्या कोणी केली तर जास्त उपयोगी, स्वतः वाकून घासण्यात विसावा मिळत नाही.

आता ध्यान. ते सोडा असं मी म्हणत नाही, त्याची जागा बदला. संध्याकाळी, दिवेलागणीला बसा, वीस मिनिटं. आपल्या भागात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना याच सुमाराला होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सकाळचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची प्रार्थना गावागावांत रुजवली. कष्टाच्या दिवसाला मधे एक थांबा मिळावा, ही त्यातली सोय मला कामात रोज दिसते. तुमच्या गावात प्रार्थना होत असेल तर तिला जोडूनच बसा. सकाळी बसायचंच असेल तर ५.३० ला उठून तोंड धुऊन, अंग मोकळं करून, दहा मिनिटं चालून मगच, आणि भिंतीला न टेकता. डोळे पूर्ण मिटू नका, दोन हातांवरच्या जमिनीवर नजर सैल ठेवा. तरीही पेंग आली तर उठा आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चाला. पायात बूट घालून, सावकाश. टाच टेकली, चवडा टेकला, एवढंच जाणत. हेही ध्यानच आहे. उजाडल्यावर बाहेर चालण्याचा दुसरा फायदा म्हणजे सकाळचा उजेड डोळ्यांत जातो आणि रात्रीची झोप अलीकडे सरकते.

रात्रीसाठी मी ध्यान देत नाही, श्वासाचा साधा अभ्यास देते. भ्रामरी अशी करा: अंथरुणावर नको, ओसरीवर बसून. दात एकमेकांवर दाबलेले नकोत, जीभ तोंडात सैल, ओठ मिटलेले. नाकानं नेहमीसारखा श्वास घ्या, आणि सोडताना गुणगुण. आवाज इतका बारीक की शेजारी झोपलेल्या लेकराची झोप मोडू नये. श्वास शेवटपर्यंत पिळून काढायचा नाही. पुढचा श्वास हपापून घ्यावा लागला तर मागचा फार लांबवला असं समजा. सात-आठ आवर्तनं पुरतात. सोडायचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, तेवढाच याचा उद्देश. कपालभाती आणि भस्त्रिका रात्री मुळीच करू नका, त्यांनी अंग चेततं.

शवासनात मी लोकांचे हात बघते. चेहरा शांत ठेवता येतो, पण अंगठा बोटांत दाबून धरलेला असतो. कापसाचा भाव पडलेल्या हंगामात अशा मुठी जास्त दिसतात. तुम्ही कर्जाचं किंवा बोंडअळीचं काही लिहिलं नाही, पण रात्री १२ पर्यंत जागं ठेवणारं जे काही असेल, त्याला संध्याकाळी वेळ द्या. जेवणाआधी वही घ्या. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला तिच्याबाबत उद्या करण्याजोगं एक काम: सोसायटीच्या सचिवाला भेटणं, विम्याची पावती शोधणं, भावाला फोन करणं. काहीच करण्यासारखं नसेल तर तसं लिहा. रात्री तीच गोष्ट आली की वहीत आहे म्हणायचं. याने कर्ज फिटत नाही, पण काळजी अंथरुणावर पहिल्यांदा भेटत नाही, आणि त्याने फरक पडतो.

काही गोष्टी माझ्या हातातल्या नाहीत, आणि त्या तपासल्याशिवाय वरचं सगळं अपुरं आहे. तुम्ही मोठ्यानं घोरत असाल, घोरता घोरता श्वास अडकतो असं वहिनी सांगत असतील, सकाळी डोकं जड असेल, तर तुमची बसल्या बसल्या येणारी पेंग कदाचित झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची आहे. तो आजार वेळापत्रकानं बरा होत नाही, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. म्हणून वहिनींना हे आजच विचारा. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर तपासा. पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं असेल तर रक्तातलं लोह तपासायला सांगा. फवारणीच्या दिवशी मळमळ, घाम, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणं असं काही झालं तर तो थकवा समजून झोपू नका, थेट दवाखाना. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरायला नको. झोपेची गोळी घेत असाल तर ती एकदम बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांच्याच सल्ल्यानं कमी करा.

आणि पहाटे ३-४ ला आपोआप जाग येते, कशातच मन लागत नाही, जगण्याचा कंटाळा येतो, असं थोडंही असेल तर एकट्यानं डोळे मिटून बसणं काही दिवस पूर्ण थांबवा. काही माणसांना अशा अवस्थेत ध्यानानं जास्त त्रास होतो. घरात कोणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे, दिवस-रात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

यातलं काही नसेल तर पंधरा दिवस वरचं करून बघा आणि मला पुढच्या पाच गोष्टी लिहून कळवा, अंदाजानंच, घड्याळ न बघता: अंथरुणावर कधी गेलात, झोप साधारण कधी लागली, मधे किती वेळा उठलात, सकाळी कधी उठलात, दुपारी किती झोपलात. ओलिताची रात्र असेल त्या दिवशी बाजूला फुली मारा, म्हणजे मला त्या रात्री वेगळ्या बघता येतील. त्या नोंदी बघून झोपेची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची का ते ठरवू. ४ वाजताची बैठक तुम्हाला मनापासून हवी असेल तर तिचाही मार्ग निघेल, फक्त तेव्हा रात्री ९.३० ला आपोआप पेंग येत असली पाहिजे.